अ‍ॅल्युमिनियम : खनिजापासून मिश्रधातूपर्यंत

आपल्याकडील घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला अजूनही 'जर्मनचे पातेले' म्हणण्याची पद्धत आहे. नावावरून हा धातू परमुलखातून आलेला वाटतो. वस्तुतः ज्या दगडापासून तो निघतो तो दगड सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेला आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी व चंदगड तालुक्यांच्या डोंगरांतून तो ट्रकांनी बेळगावला येतो. दगड आपल्या दाराशी असूनही बेळगावात आज धातू गाळला जात नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास या धातूची बहुतेक सर्व कहाणी सांगून होते. म्हणून प्रस्तुत पाठात त्याच प्रश्नाचा धागा धरून पुढे जावयाचे आहे.

सड्यावरचा दगड

पृथ्वीच्या कवचात वजनाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. कोणत्याही धातूचे एवढे प्रमाण कवचात नाही. साध्या शेतमातीतही तो आहे. परंतु तेथे तो सिलिकाशी इतका घट्ट जखडलेला असतो, की त्याला सोडविणे परवडत नाही. ही सोडवणुकीची पहिली पायरी निसर्गानेच पार पाडलेली असेल, अशा जागीच खाण निघते.

सह्याद्रीच्या माथ्यावर हे काम पावसाने केले. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, जवळजवळ निम्मी सिलिका असते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड १३ ते १५ टक्के असते. लक्षावधी वर्षे उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांच्या माऱ्यात हा खडक कुजत गेला. पाण्याबरोबर चुना, सोडा, मॅग्नेशिया आणि हळूहळू सिलिकाही वाहून गेली. जे विरघळत नाही ते मागे राहिले : लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह वरचढ राहिले तेथे जांभा तयार झाला. कोकणात व गोव्यात ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो तोच हा दगड. जेथे अ‍ॅल्युमिनियम वरचढ राहिले तेथे बॉक्साइट तयार झाले. म्हणजे जांभा आणि बॉक्साइट ही एकाच घरातील भावंडे होत. पुष्कळदा एकाच सड्यावर ती शेजारी-शेजारी सापडतात. बॉक्साइट बहुधा फिकट, पांढुरके वा गुलाबी असते, आणि त्यात कधी कधी वाटाण्याएवढे गोल दाणे दिसतात. फ्रान्समधील ले बो या गावाजवळ १८२१ मध्ये पिएर बेर्तिये यांनी या दगडाचे पृथक्करण केले. त्या गावावरून त्याला नाव मिळाले.

कॉस्टिक सोड्याची किमया

चांगल्या बॉक्साइटमध्ये अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड, ४० ते ५० टक्के भरते. उरलेल्यात लोहाचा गंज, टायटॅनियमचे ऑक्साइड, थोडी सिलिका व पाणी असते. यातून शुद्ध अ‍ॅल्युमिना वेगळे काढण्याची जी रीत आज जगभर चालते ती कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास शोधून काढली. तिच्यात तत्त्वतः फारसा बदल झालेला नाही.

दगड दळून तो कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात मिसळतात आणि बंद पात्रात दाबाखाली तापवितात. दगडाच्या प्रकारानुसार हे तापमान साधारण १४० ते २४० अंश सेल्सियस असते. अ‍ॅल्युमिना द्रावणात उतरते, लोह उतरत नाही. न उतरलेला लाल गाळ खाली बसू देऊन वरचे स्वच्छ द्रावण काढून घेतात. ते थंड करून त्यात आधीच्या खेपेचे थोडे स्फटिक 'बी' म्हणून टाकतात. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार आहे, आणि त्याला सवडही तेवढीच लागते. काही प्रहरांनंतर त्या बियांभोवती नवे स्फटिक जमतात. ते धुऊन १,००० अंशांच्या वर भाजले, की पाणी उडून जाते आणि बारीक वाळूसारखी पांढरीशुभ्र पूड हाती लागते. सोडा पुन्हा पुढच्या खेपेला वापरतात. दगडात सिलिका जास्त असेल तर ती सोडा व अ‍ॅल्युमिना दोन्ही गिळून बसते. म्हणून खरेदीदार बॉक्साइटमध्ये अ‍ॅल्युमिना किती हे विचारतो, तितक्याच बारकाईने सिलिका किती हेही विचारतो.

लाल गाळाकडे मात्र डोळेझाक करून चालत नाही. एक टन अ‍ॅल्युमिन्यामागे साधारणपणे एक ते दीड टन गाळ निघतो आणि त्यात सोड्याचा अंश राहतोच. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाच्या तलावाचा बांध फुटून १० माणसे दगावली. काही गाळ सिमेंट कारखान्यांकडे जातो. पण निर्मितीच्या मानाने तो थोडाच. खाणीची किंवा कारखान्याची परवानगी देताना गाळ कोठे आणि कसा ठेवणार हा प्रश्न शेवटी विचारला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पहिल्यांदा विचारला पाहिजे.

बेळगावचा अ‍ॅल्युमिना कारखाना इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीने १९६९ मध्ये सुरू केला. तो आता हिंडाल्कोकडे आहे. तेथील अ‍ॅल्युमिना आज प्रामुख्याने उष्णतारोधक विटा, चिनी मातीच्या विशेष वस्तू इत्यादींसाठी जाते. धातूपर्यंतचा पुढला टप्पा मात्र विजेचा आहे, आणि गोम तेथेच आहे.

विजेची भूक

लोहाचे धातुक कोळशाबरोबर तापविले की लोखंड सुटे होते. अ‍ॅल्युमिनियमची ऑक्सिजनवरील पकड इतकी घट्ट आहे, की नेहमीच्या भट्टीत कोळसा तिच्यापुढे हतबल ठरतो. १८५४ मध्ये सेंट-क्लेअर डेव्हील यांनी फ्रान्समध्ये सोडियमच्या साहाय्याने हा धातू काढला खरा, पण सोडियमच इतके महाग होते की त्या काळी अ‍ॅल्युमिनियमची गणना मौल्यवान धातूंत होत असे. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांना, एकमेकांची वार्ता नसताना, एकच वाट सापडली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही दोघांचा १९१४ चाच, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

अ‍ॅल्युमिना वितळण्यास २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. हॉल व एरू यांनी ते वितळविलेच नाही. क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात ते विरघळविले. हे मिश्रण ९६० अंशांच्या आसपास पातळ राहते. कार्बनचे अस्तर असलेल्या पोलादी कुंडात ते भरतात, वरून कार्बनचे ठोकळे धनाग्र म्हणून सोडतात आणि वीज खेळवितात. धातू सुटा होऊन तळाशी साचतो. ऑक्सिजन कार्बनच्या ठोकळ्यांना जाळून वायुरूपाने निघून जातो. एका कुंडाला दाब चार-साडेचार व्होल्टच लागतो, पण प्रवाह लाख-लाख अँपिअरचा, नव्या कारखान्यांत त्याच्या कित्येक पट. अशी शंभरावर कुंडे एका माळेत जोडलेली असतात.

हिशेब ढोबळमानाने असा : चार टन बॉक्साइटपासून दोन टन अ‍ॅल्युमिना, दोन टन अ‍ॅल्युमिन्यापासून एक टन धातू. या एका टनासाठी सुमारे १४,००० युनिट वीज लागते. महिना १०० युनिट वापरणारे कुटुंब तेवढ्या विजेत साडेअकरा वर्षांहून अधिक काळ राहू शकेल. शिवाय ही वीज अखंड हवी. काही तास ती गेली तर कुंडातील रस गोठतो, आणि गोठलेले कुंड पुन्हा चालू करणे हे जवळजवळ नव्याने बांधण्याइतके खर्चाचे काम होऊन बसते. पिठाची गिरणी वीज आल्यावर पुन्हा सुरू होते. येथे तसे नाही.

म्हणूनच हा धातू दगडापेक्षा विजेच्या मागे जातो. भारतातील पहिले अ‍ॅल्युमिनियम १९४३ मध्ये केरळातील अलुपुरम येथे निघाले, ते पल्लीवासलच्या जलविद्युतेवर. १९६२ चे रेणुकूट रिहंद धरणाजवळ आले. कोरबा आणि ओडिशातील अंगुल कोळशाच्या खाणींजवळ. बेळगावात धातू गाळण्याचे काम सुरू झाले त्या काळी म्हैसूर राज्यात शरावतीची जलविद्युत उपलब्ध होऊ लागली होती. पुढे मागणी वाढली, वीजकपात आली, दर चढले, आणि ती गाळणी बंद पडली. रत्नागिरीजवळही १९७० च्या दशकात बाल्कोच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यासाठी शेकडो एकर जमीन घेण्यात आली होती. तो कारखाना उभाच राहिला नाही. आमच्या भागात खनिज आहे, तेव्हा कारखाना यायलाच हवा, हा युक्तिवाद सभांतून नेहमी ऐकू येतो. या धातूपुरते तरी त्याला एवढे उत्तर पुरेसे आहे.

मिश्रधातू

कुंडातून निघालेला धातू ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध असतो, आणि म्हणूनच मऊ. विजेच्या तारांना तो चालतो. विमानाला किंवा इंजिनाला नाही. त्यात दुसरी मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात मिसळतात. एक-सव्वा टक्का मँगॅनीज घातले की भांड्यांचा पत्रा कणखर होतो. मॅग्नेशियम व सिलिकॉन मिळून एक टक्क्याच्या आसपास घातले की खिडक्यांच्या चौकटी दाबून काढण्याजोगा धातू मिळतो. बारा टक्के सिलिकॉनचे मिश्रण तर शुद्ध धातूच्या ६६० ऐवजी ५७७ अंशांनाच वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत पाण्यासारखे शिरते. पिस्टनसारख्या ओतीव वस्तूंना ते किंवा त्याच्या जवळचे मिश्रण वापरतात.

यांत सर्वांत नवलाचा शोध जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म यांना १९०६ च्या सुमारास लागला. सुमारे चार टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेला धातू त्यांनी ५०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडविला. पोलाद असे बुडविले की तत्काळ कठीण होते; हा मऊच राहिला. मात्र काही दिवस नुसता ठेवून पुन्हा मोजला, तेव्हा त्याचा कठीणपणा पुष्कळच वाढलेला आढळला. कारण असे, की अचानक थंड केल्यामुळे तांबे आत अडकून पडते आणि मग सावकाश अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने गोळा होते; हे कण धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. हा ड्युरल्युमिन होय. पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच होते. या जातीचे रिव्हेट विमान-कारखान्यांत बर्फासारख्या थंडीत ठेवतात, कारण बाहेर ठेवले तर ठोकण्यापूर्वीच ते कठीण होतात.

भंगार वितळविणाऱ्या लहान ओतशाळांसाठी दोन गोष्टी येथे नमूद करणे अवश्य आहे. जुने अ‍ॅल्युमिनियम वितळविण्यास नव्या धातूच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे भंगारातले पातेले म्हणजे साठविलेली वीजच. परंतु पावसात भिजलेले भंगार कधीही थेट रसात टाकू नये; पाण्याची वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उसळतो, आणि उरलेल्या ओलाव्यातील हायड्रोजन रसात शिरून ओतकामात सुईएवढी छिद्रे पाडतो. दुसरे असे, की रसात एकदा उतरलेले लोह साध्या उपायांनी बाहेर काढता येत नाही आणि ओतीव वस्तू ठिसूळ होते. तेव्हा कढईच्या मुठीचे लोखंडी रिव्हेट आणि पंख्याच्या आवरणातले स्क्रू भट्टीपूर्वीच हातोडी-छिन्नीने काढून टाकावेत; काय लोखंडी आहे हे ओळखण्यास साधा लोहचुंबक पुरतो.