शेक घेतलेले हाड

आबांची दाढ दुखत होती. ते म्हणाले, "सूनबाई, उद्या बाजार आहे. तिथं दाढ उपटून घेतो. दोन मिनिटांचं काम."

सून म्हणाली, "नको मामंजी! तुम्ही त्या बाजूला शेक घेतलाय. डॉक्टरांना विचारल्याबिगर दात काढायचा नाही."

"अगं, त्याला तीन वर्षं झाली की!"

सुनेचे म्हणणे बरोबर होते. कसे ते पाहू.

आबा तंबाखू खात. त्यांच्या गालात कर्करोग झाला. त्यावर त्यांना किरणांचा उपचार दिला. लोक त्याला 'शेक' म्हणतात. पण हा विस्तवाचा शेक नव्हे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते रोगाच्या पेशी मारतात.

हाड म्हणजे वाळके लाकूड नव्हे. हाड जिवंत असते. त्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. हात मोडला तर रक्तातून तेथे अन्न पोचते. नवे हाड तयार होते. मोडलेले सांधते. दात काढल्यावर पडलेला खड्डाही असाच भरतो.

किरण रोगाला मारतात, पण जवळच्या हाडालाही इजा करतात. हाडातल्या रक्तवाहिन्या आकसतात. नवे हाड करणाऱ्या पेशी कमी होतात. पाट आटला की वाफा सुकतो ना? तसेच हे. खालच्या जबड्याला रक्त मुळातच कमी मिळते. म्हणून त्याला धोका जास्त. दात उपटला तर कधी कधी जखम भरत नाही. हाड उघडे पडते, मरते. कधी जबडाही मोडतो. हा धोका जन्मभर राहतो.

मग शेक घेऊच नये का? असे मुळीच नाही. रोग वाढला तर जीव जातो. शेक घ्यावा, पण एवढे सांभाळावे:

१. शेक घेण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवावे. खराब दात तेव्हाच काढून घ्यावेत. जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळावेत. मात्र डॉक्टरांनी दिलेली शेकाची तारीख चुकवू नये.

२. शेकानंतर तोंडातली लाळ कमी होते. दात लवकर किडतात. रोज दोनदा दात घासावेत. दर जेवणानंतर चूळ भरावी.

३. दात दुखला तर इस्पितळाचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. शेक घेतल्याचे आधी सांगावे.

४. तंबाखू, मिश्री, विडी, दारू सोडावी.

आबांनी पेटीतून कागद काढला. आता त्यांना वाचता येत होते. बोट ठेवून त्यांनी ओळ वाचली. 'विचारल्याशिवाय दात काढू नये.'

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत, इस्पितळात गेले. डॉक्टरांनी दाढ काढली नाही. आतली कीड साफ करून ती भरली. दुखणे थांबले.

आबा म्हणाले, "सूनबाई, तू अडवलंस म्हणून जबडा वाचला."

सांगा पाहू:
१. मोडलेले हाड कशामुळे सांधते?
२. शेक घेतलेल्या जबड्याची जखम कधी कधी का भरत नाही?
३. खराब दात केव्हा काढून घ्यावेत?