डोंगरपायथ्याचे सायकलमार्ग : भूगोल व गणिताचा एक पाठ

नकाशावर दोन गावांमधील अंतर मोजून विद्यार्थी ते किलोमीटरांत बिनचूक सांगतो. परंतु त्या अंतरात चढ किती, तो कोठे आहे व कशामुळे आहे, असे विचारताच स्तब्ध होतो. सपाट मुलखात या अज्ञानाने फारसे बिघडत नाही. डोंगराच्या पायथ्याशी मात्र केवळ अंतर पाहून सायकलचा मार्ग निवडला, तर मुले अर्ध्या वाटेत थकतात. आणि उताराचा विचार न करता निवडला, तर प्रसंग त्यांच्या जिवावर बेततो. हा विचार वर्गात कसा शिकवावा व त्यास अनुसरून सहल कशी योजावी, याचे दिग्दर्शन सह्याद्रीच्या पूर्व पायथ्यावरील वाई परिसराचे उदाहरण घेऊन प्रस्तुत पाठात केले आहे. पाठ इयत्ता सहावी व सातवीसाठी आहे.

प्रदेशाची घडण

वाई हे गाव कृष्णेच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७१८ मीटर उंचीवर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस पाचगणी सुमारे १,२९३ मीटर आणि त्यापलीकडे महाबळेश्वर सुमारे १,३५३ मीटर उंचीवर आहे. हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. थर एकावर एक आडवे साचल्यामुळे येथील डोंगरांच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात : एक कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. पाचगणीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार आहे. कृष्णेने हे थर कापून काढून खाली सौम्य उताराचे खोरे तयार केले. म्हणून सायकलस्वारास येथे दोन तऱ्हांचे मार्ग मिळतात : नदीच्या सोबतीने खोऱ्यातून जाणारा आणि घाटाने पायऱ्या चढून पठारावर जाणारा.

पहिला मार्ग : वाई–मेणवली–धोम

हा मार्ग शाळेच्या सायकल-सहलीस सर्वांत योग्य होय. वाईहून मेणवली सुमारे ३ किलोमीटर व धोम सुमारे ८ किलोमीटर आहे. मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरील दगडी घाट आहे. घाटावरील देवळातील मोठी घंटा १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली म्हणून ओळखली जाते. धोमला नरसिंहाचे देऊळ व कृष्णेवरील धरण आहे. इतिहास, नदी व पाटबंधारे हे तिन्ही विषय एका फेरीत हाती लागतात.

या मार्गाचा खरा गुण मात्र त्याच्या दिशेत आहे. जाताना मुले नदीच्या प्रवाहाविरुद्ध, म्हणजे एकंदरीने चढाकडे जातात. सकाळचे ऊनही त्यांच्या पाठीवर असते. परतताना ती प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे एकंदरीने उताराकडे येतात. श्रमाचा भाग अंगात ताकद असताना उरकतो आणि थकलेल्या पायांना वाट साहाय्य करते. एखाद्या मुलास मध्येच परत पाठवावे लागले, तरी त्याची घरची वाट सोपीच असते. डोंगरपायथ्याशी मार्ग ठरविण्याचा हा पहिला नियम मुलांकडून त्यांच्याच शब्दांत काढून घ्यावा.

मेणवलीच्या घाटावर वा धरणाच्या जलाशयात कोणासही पाण्यात उतरू देऊ नये. सहलीत काठाशी घडणारी दुर्घटना रस्त्यावरील दुर्घटनेइतकीच भयंकर असते.

दुसरा मार्ग : वाई–पसरणी–पाचगणी

हे अंतर सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे धोमच्या जाण्यायेण्याहून कमी आहे. नकाशा पाहून विद्यार्थी हाच मार्ग सोपा म्हणतील. त्यांस तसे म्हणू द्यावे आणि मग फळ्यावर पुढील उदाहरण घालावे.

पाचगणीची उंची १,२९३ मीटर, वाईची ७१८ मीटर. वजाबाकी ५७५ मीटर. अंतर १२,००० मीटर. १२,००० ला ५७५ ने भागल्यास सुमारे २१ येतात. म्हणजे दर २१ मीटर वाटचालीस सरासरी १ मीटर चढ. दहा मीटर उंचीच्या ५७ इमारती एकीवर एक रचल्या, तर जेवढी उंची होईल, तेवढी सायकलसह चढावयाची आहे. हे प्रमाण सरासरीचे आहे. पसरणीपर्यंतची वाट त्यामानाने सौम्य असल्याने प्रत्यक्ष घाटात चढ याहून अधिक आहे, हेही सांगावे. हवेचे तापमान दर १,००० मीटरांस सुमारे साडेसहा अंशांनी उतरते; त्यावरून पाचगणी वाईहून किती अंशांनी थंड असावी, हे उदाहरण मुलांनी स्वतः सोडवावे.

चढ थकवितो, धोका उतारात असतो. घाटरस्ता अरुंद, वळणांचा आहे आणि सुटीच्या दिवशी तेथे मोटारींची रीघ असते. सबब प्राथमिक शाळेच्या मुलांची सायकल-सहल पसरणी गावापुढे नेऊ नये. पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. तेथे थांबून मुलांस घाटाकडे तोंड करून बसवावे, रस्त्याची वळणे कागदावर काढावयास सांगावे आणि रस्ता सरळ वर न जाता वळणे का घेतो, हे विचारावे. वाट लांबवून चढ सौम्य केला आहे, हे उत्तर मुले स्वतः शोधतात. पाचगणी दाखवावयाची असल्यास एस. टी.ने न्यावे.

घाटापलीकडचा मार्ग

पाचगणी ते महाबळेश्वर सुमारे १९ किलोमीटर अंतर असून दोहोंच्या उंचीत जेमतेम ६० मीटरांचा फरक आहे. तरीही सायकलवरून जाणारे प्रौढ प्रवासी येथे घामाघूम होतात. कारण रस्ता मध्ये अनेकदा उतरतो व चढतो. दोन टोकांची उंची पाहून मधली वाट कळत नाही, हा धडा नकाशावरील समोच्चतादर्शक रेषा शिकविताना उपयोगी पडतो. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे जाताना सुमारे ४० किलोमीटरांत हजार मीटरांहून अधिक उतार लागतो. सह्याद्रीची पश्चिम बाजू किती तुटलेली आहे, हे यावरून ध्यानी येते. कृष्णा व सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. पण पूर्वेस वळलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते, तर पश्चिमेस उतरलेली सावित्री थोड्याच वाटचालीत अरबी समुद्र गाठते.

ब्रेकचा प्रयोग

सहलीपूर्वी हा प्रयोग शाळेच्या सपाट मैदानावर अवश्य करावा. फक्कीने आडवी रेघ मारावी. एकेका मुलाने प्रथम सावकाश व नंतर थोड्या वेगाने येऊन रेघेवर दोन्ही ब्रेक लावावेत. सायकल थांबली ते अंतर फितीने मोजून तक्त्यात लिहावे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. शिवाय ब्रेक लावण्याचे मनात येऊन हात दाबेपर्यंत एक सेकंद गेला, असे मानल्यास ताशी २४ किलोमीटर वेगाची सायकल तेवढ्यात साडेसहा मीटरांहून पुढे जाते. उतारावर हे अंतर आणखी वाढते.

यावरून पुढील सूचना निघतात. वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक मिळून, दाबून-सोडून वापरावेत. सतत दाबून धरल्यास रबर व रिम तापतात, आणि पुढचाच ब्रेक एकदम दाबल्यास स्वार पुढे फेकला जातो. रबरे झिजलेली सायकल सहलीस नेऊ नये, मग ती कोणाचीही असो.

सहलीची व्यवस्था

मुख्याध्यापकांची व पालकांची लेखी अनुमती घ्यावी. पावसाळा टाळून मार्गशीर्ष ते माघ हा काळ निवडावा. एक शिक्षक पुढे व एक सर्वांच्या मागे असावा. रस्त्याच्या डाव्या बाजूने एकामागून एक जावे आणि उतारावर दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवावे. सर्वांत सावकाश चालविणाऱ्या मुलास पुढच्या शिक्षकाच्या लगेच मागे ठेवावे, म्हणजे सर्वांचा वेग त्याच्या वेगाने ठरतो व तो एकटा मागे पडत नाही. शिरस्त्राण, पिण्याचे पाणी, हवेचा पंप, पंक्चरचे सामान व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. ज्यांच्याकडे सायकल नाही अशी मुले वर्गात असल्यास धोमऐवजी मेणवलीपर्यंत पायी सहल काढावी. निरीक्षण तेवढेच होते व कोणी वगळले जात नाही.

स्वाध्याय

१. आपल्या गावाजवळील नदी वा ओढा कोणत्या दिशेस वाहतो? त्यावरून सकाळी निघून दुपारी परतण्याची सायकलफेरी आखा.
२. आपले गाव व शेजारचे उंचावरील गाव यांच्या उंचीतील फरक आणि अंतर मिळवून सरासरी चढ काढा.
३. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा कच्चा नकाशा काढा. चढ, उतार, आंधळी वळणे व पाणी मिळण्याची ठिकाणे दाखवा.
४. त्या वाटेवर सायकलचा वेग कोठे कमी करावा, ते कारणांसह लिहा.

तिसऱ्या व चौथ्या स्वाध्यायाची उत्तरे शिक्षकांनी स्वतः तपासून वर्गात वाचून दाखवावीत. कारण सहल एक दिवसाची असते, परंतु शाळेची वाट मुलास रोज तुडवावयाची असते.