बियाण्याचा मासा

आपण शेतकरी माणसे. कितीही टंचाई असो, पेरणीची ज्वारी आपण दळत नाही. बीच खाल्ले, तर पुढल्या साली पेरणार काय?

समुद्राचेही असेच आहे. समुद्रात तारली नावाचा लहान मासा असतो. सुरमई, कुपा असे मोठे मासे तारली खाऊन जगतात. तारली सरली, तर मोठा मासा उपाशी. मग कोळ्याची चूल कशी पेटणार?

केरळात 2012 साली सुमारे 4 लाख टन तारली मिळाली. 2021 साली 4 हजार टनसुद्धा मिळाली नाही. समुद्राचे हवामान बदलले, हे एक कारण. बारीक पिल्लेही धरली, हे दुसरे. हवामान आपल्या हाती नाही. जाळे आपल्या हाती आहे.

महाराष्ट्राने 1981 साली मासेमारीचा कायदा केला. पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात. म्हणून त्या दिवसांत इंजिनाच्या होड्यांना बंदी असते. 2024 साली ती 1 जून ते 31 जुलै होती. 2016 साली, सारा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांना आळा घातला. 2023 साली 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. 14 सेंटीमीटरांहून लहान बांगडा धरायचा नाही.

दोन महिने होडी बांधून ठेवणे जड जाते. कोळ्याचे हातावर पोट. त्यात एकाने नियम पाळला आणि दुसऱ्याने मोडला, तर पाळणाराच बुडतो. म्हणून नियम सर्वांना सारखा हवा.

राणीसावरगावाला समुद्र नाही. पण गायरान आहे, पाणी आहे. जे सर्वांचे, ते सर्वांनी राखावे.