कुलूप तोडणारा मालक

ऊस बाजूला ठेवून आज थोडे परदेशी कारखान्याविषयी. अमेरिकेत पालो आल्टो येथे १९३९ साली बिल ह्यूलेट व डेव्ह पॅकार्ड या मित्रांनी गॅरेजमध्ये विजेची मापनयंत्रे करण्याचा धंदा काढला. पुढे ह्यूलेट-पॅकार्ड ही मोठी कंपनी झाली. ती नुसत्या यंत्रांवर मोठी झाली नाही, असे आमचे मत आहे.

एका सुट्टीच्या दिवशी ह्यूलेट कामावर आले, तर हत्यारांच्या खोलीला कुलूप! त्यांनी ते तोडले अन् चिठ्ठी ठेवली की, ही खोली पुन्हा बंद करू नये. सुचेल तेव्हा हत्यार हाती नसेल तर इंजिनिअर नवे यंत्र करणार कसे? आम्ही पूर्वी एके ठिकाणी नोकरीस असताना माती परीक्षणाचे गिरमिट कपाटात आणि किल्ली साहेबांच्या खिशात असे. एका शेतकऱ्याने तीन हेलपाटे घातले, शेवटी परीक्षणाविनाच लागण केली. म्हणून ही गोष्ट आम्हास फार पटली.

१९७० साली मंदीत मागणी घटली. दहा टक्के माणसे काढण्याऐवजी वरपासून खालपर्यंत सर्वांनी दहा टक्के पगार कमी घेतला व पंधरवड्यातून एक दिवस काम बंद ठेवले. सुमारे सहा महिन्यांनी पगार पूर्ववत झाले. तयार झालेली माणसे मात्र कंपनीतच राहिली. १९७२ साली याच कंपनीने खिशात मावणारे एचपी-३५ हे गणकयंत्र काढले.

२००१ साली कंपनीने पुन्हा पगारकपात मागितली, बहुतेकांनी राजीखुशीने दिलीही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सहा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर झाले.