टीसीएमच्या पलीकडची मोजदाद

प्रश्न : आमचं दुकान नवी पेठेत आहे आणि शेत उत्तर सोलापूर तालुक्यात. गावात पाणलोटाची कामं झाली. वेशीजवळच्या फलकावर सलग समतल चर किती, बंधारे किती, पाणी किती टीसीएम अडलं, सगळं लिहिलंय. पण गवत वाढलं का, पाखरं आणि मधमाश्या वाढल्या की घटल्या, हे कोणी मोजतं का? मोजायचं तर कसं?
— एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : मोजतात, पण फार थोडे. आधी तुमच्या फलकाकडे पाहू. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर. बंधाऱ्याची लांबी, रुंदी, खोली धरून हा आकडा काढता येतो. तो साठवणक्षमता सांगतो. त्यातलं किती पाणी मुरलं, मे महिन्यात विहिरीला किती उरलं, हे त्यात येत नाही. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. त्यातून भूजलपातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं ‘कॅग’च्या २०२० सालच्या अहवालानं म्हटलं. पाण्यासाठी निघालेल्या योजनेत पाण्याच्याच परिणामाबद्दल असा वाद होतो. पाखरांची पाळी त्यानंतरची.

तरीही ती मोजायला हवीत. का, ते तुमच्या गावापासून जवळच पाहायला मिळतं. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे चराईला बंद झाले, तिथे चर खोदले, झाडं लावली. हेतू दुष्काळनिवारणाचा होता. गुरं थांबली तसं गवत उंचावलं, गवतात टोळ-किडे वाढले आणि माळढोकाला अंडी घालायला निवांत जागा मिळाली. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी आणि सहकाऱ्यांनी इथे या पक्ष्याचा अभ्यास केला.

पण त्याच कार्यक्रमातली झाडं माळढोकाच्या कामाची नव्हती. त्याला दूरवर नजर पोचेल असा उघडा माळ लागतो. झाडी दाटली की तो जागा सोडतो. योजनेच्या तक्त्यात चराईबंदीही यश आणि जगलेलं रोपही यशच. माळढोकाच्या खात्यात मात्र पहिलं जमा, दुसरं नावे. तो घटला तो काही एवढ्यानंच नव्हे. नांगराखाली गेलेले माळ, ऊस, रस्ते, विजेच्या तारा, शिकार असं सगळंच त्यामागे आहे. मात्र एकाच कार्यक्रमातलं एक काम एखाद्या जिवाला तारक आणि दुसरं त्यालाच मारक ठरू शकतं, हे नान्नजला दिसलं. म्हणून नुसतं ‘जैवविविधता वाढली’ म्हणून भागत नाही. कोणाची वाढली, ते सांगावं लागतं.

नुसत्या उपग्रहाच्या चित्रांवरही भिस्त ठेवता येत नाही. त्यांत हिरवाई वाढलेली दिसते, पण ती मारवेलीच्या कुरणाची, वेड्या बाभळीची की उसाची, हे जागेवर जाऊन पडताळावं लागतं. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. अडवलेलं पाणी उसानं पिऊन टाकलं, तरी वरून शिवार हिरवंच दिसणार.

मग मोजायचं काय? शास्त्रज्ञ ज्याला परिसंस्था सेवा म्हणतात, म्हणजे निसर्ग आपल्याला जे जे देतो, त्याची २००५ च्या जागतिक मूल्यांकनात चार गटांत मांडणी झाली : चारा-पाण्यासारखं प्रत्यक्ष हाती येणारं, पूर-धूप आवरणं आणि परागीभवन यांसारखं सांभाळणारं, श्रद्धा-विरंगुळ्याचं, आणि या सगळ्याला आधार देणारं, जसं माती तयार होणं. गावाला एवढा पसारा झेपणार नाही, गरजही नाही. चार नोंदी पुरतात.

पहिली, विहिरी. ठरावीक विहिरींची पातळी दरवर्षी त्याच महिन्यांत मोजा आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची अशीच नोंद ठेवते. दुसरी, गवत. पावसाळा सरल्यावर माळावर ठरलेल्या ठिकाणी मीटरभर लांब-रुंद चौकटी आखा, आतलं गवत कापून वजन करा आणि जाती लिहा. कुसळी मागे हटून मारवेल, पवन्या वाढत असतील, तर माळ सुधारतोय. तिसरी, पाखरं. सकाळी एकाच वाटेनं, सारख्याच वेळात चालून दिसलेले पक्षी मोजा. साळुंकी-बुलबुल कुठेही भेटतात. धाविक, पखुर्डी, चंडोल आणि डोंबारी टिकून आहेत का, ते पाहा. ही मंडळी माळाची. चौथी, ओढा. तळाच्या दगडांखाली चतुरांच्या आणि इतर कीटकांच्या अळ्या सापडतात. त्यांच्या जाती वाढल्या की घटल्या, यावरून पाण्याची तब्येत कळते.

या नोंदींना अर्थ येतो तो दोन अटींवर. कामाआधी निदान एक-दोन वर्षांची नोंद हवी. आणि कामं न झालेला, पण तसाच माती-उताराचा शेजारचा पाणलोट तुलनेला हवा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय चरांना जातं आणि दुष्काळाचं खापरही त्यांच्याच माथी फुटतं. शिवाय खालच्या अंगालाही पाहावं लागतं. वर प्रत्येक ओहोळ अडवला, तर हिप्परग्याच्या एकरुखसारख्या तलावात पाणी किती पोचतं, हेही त्याच हिशेबात यायला हवं.

पूर्वनोंद नसली की काय होतं, याचं उदाहरण संगमनेर भागातल्या कुंभारवाडीचं. ‘वॉटर’ संस्थेनं केलेल्या तिथल्या पाणलोटकामाचा २०१३ साली जागतिक संसाधन संस्थेबरोबर आर्थिक अभ्यास झाला. एका रुपयामागे साधारण सव्वादोन ते पावणेचार रुपयांचा लाभ निघाला. परागीभवन, जैवविविधता यांसारख्या गोष्टी मात्र नोंदींअभावी रुपयांत मांडता आल्या नाहीत. हिशेबात त्या शून्य राहिल्या. शिवारात त्या शून्य नव्हत्या.

तुम्हाला करता येण्याजोगं बरंच आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. ग्रामसभेत ती मागा. पुष्कळदा ती एकदा भरून कपाटात गेलेली असते. दरवर्षीच्या चार नोंदी तिच्यात घालायचा ठराव करून घ्या. मोजणीला शाळेतली मुलं आणि जुने मेंढपाळ सोबत घ्या. गवताच्या जाती मेंढपाळांइतक्या क्वचितच कोणाला ठाऊक असतात. आणि पुढच्या कामाचा आराखडा मंजुरीला येईल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : माळावर झाडं लावायची की तो माळच ठेवायचा? याचं उत्तर ठरल्याशिवाय कशाची वाढ यश मानायची, तेच ठरत नाही.