अंकुराची वाढ

बी मातीत पडते, रुजते आणि पाहता पाहता त्याचा वेल होतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक वेल वाढताना कोणालाच दिसत नाही. काल कोंब होता, आज त्याला दोन पाने फुटली, एवढेच काय ते कळते. मधली सारी घडामोड इतक्या संथपणे होत असते की, मनुष्याच्या डोळ्यांना ती टिपता येत नाही. परंतु १९१२ साली मुंबईत दादर येथे एका गृहस्थाने ती टिपली आणि लोकांना पडद्यावर दाखविली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. बडोद्यास त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. काही काळ गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसायही केला. तो काळ मोठा विलक्षण होता. छायाचित्र काढविल्याने शरीरातील शक्ती निघून जाते व माणूस लवकर मरतो, अशी समजूत पुष्कळांच्या मनात घर करून होती. त्यामुळे छायाचित्रकाराला भिंग आणि प्रकाश यांचे ज्ञान असून भागत नसे. लोकांची भीतीही घालवावी लागे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची चित्रे सरकत असता दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत, या प्रश्नाने त्यांना पछाडले. मिळतील ते चित्रपट ते पाहू लागले, या विषयावरील ग्रंथ वाचू लागले. झोप कमी झाली, डोळ्यांवर अतिशय ताण पडला आणि दृष्टी जाण्याची वेळ आली. सुदैवाने औषधोपचाराने ती परत आली. पुढे आपल्या विम्याचे कागद गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे त्यांनी चित्रपटकलेची माहिती करून घेतली, विल्यमसन नावाचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेण्याची व्यवस्था केली, आणि १ एप्रिल रोजी ते मुंबईस परतले.

यंत्र आले, पण चित्रपटास लागणारे भांडवल कोठून आणावयाचे? केवळ शब्दांवर विश्वास ठेवून पैसे कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती योजिली. एका कुंडीत त्यांनी वाटाण्याचे दाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडून ठेवला.

चलच्चित्र हे खरे पाहता हलत नसते. त्या वेळचा हाताने फिरविण्याचा कॅमेरा एका सेकंदात सुमारे १६ स्थिर चित्रे घेई. तीच चित्रे त्याच वेगाने पडद्यावर एकामागून एक दाखविली म्हणजे डोळ्यांना ती वेगळी भासत नाहीत. एकच सलग हालचाल दिसते. आता समजा, चित्रे एका सेकंदात १६ न घेता दीर्घ अंतराने एकेक अशी घेतली, पण दाखविताना मात्र नेहमीच्या वेगाने दाखविली, तर काय होईल? एका मिनिटाच्या खेळास ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत घ्यावयाची म्हटल्यास दररोज ३२ चित्रे पुरेत. अशा रीतीने महिन्याची वाढ मिनिटात मावते.

हे सांगण्यास सोपे, करण्यास कठीण. कॅमेरा किंवा कुंडी तसूभर हलली, तर पडद्यावर रोपटे उडी मारताना दिसेल. प्रकाश कमी-अधिक झाला, तर चित्र लुकलुकेल. एक दिवस चुकला, तर वाढीत खंड पडेल. दादासाहेबांनी महिन्याहून अधिक काळ हे व्रत पाळले. तयार झालेला चित्रपट मिनिटाहून थोडासा मोठा होता. दाणा रुजला, कोंब वर आला, पाने उलगडली आणि वेल झाला! ‘अंकुराची वाढ’ असे त्याचे नाव. निवडक मंडळींनी तो पाहिला आणि त्यांतील काहींनी कर्ज देण्याची तयारी दाखविली.

या यशात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मोठा होता. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, घेतलेली फिल्म रसायनात धुऊन चित्रे उमटविणे, ही कामे त्या शिकल्या. कोऱ्या फिल्मला उजेड लागता कामा नये; म्हणून पुष्कळसे काम अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने करावे लागे. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी आपले दागिनेही काढून दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ हा दादासाहेबांचा चित्रपट लोकांसाठी लागला, त्यामागे हे सारे श्रम उभे होते.

आता काळ पालटला आहे. दादासाहेबांना ज्यासाठी महिनाभर खपावे लागले, ते मोबाइल फोनमधील कॅमेरा ठरावीक अंतराने आपोआप चित्रे घेऊन करून देतो. तरी नियम तेच राहिले आहेत. नवी मुंबईत खांदेश्वर येथे देवळाजवळ तळे आहे. त्या पाण्यावरील प्रकाश सकाळपासून सायंकाळपर्यंत कसा बदलतो, हे दाखवावयाचे असेल, तर कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा लागतो, जागा बदलून चालत नाही आणि दिवस संपेपर्यंत धीर सोडून चालत नाही. यंत्र चित्र घेते. कशाचे घ्यावे आणि किती वाट पाहावी, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

शब्दार्थ
प्रघात – रीत. मनश्चक्षू – मनाचे डोळे. चलच्चित्र – हलणारे चित्र. तसूभर – अगदी थोडे. खपणे – कष्ट करणे. तिवई – तीन पायांचे आसन.

स्वाध्याय
१. छायाचित्राविषयी लोकांची कोणती समजूत होती?
२. भांडवल मिळविण्यासाठी दादासाहेबांनी वाटाण्याचाच चित्रपट का काढला असावा?
३. दोन मिनिटांच्या खेळासाठी ४० दिवसांत दररोज किती चित्रे घ्यावी लागतील?
४. कुंडीत मूग पेरा. एकाच जागी उभे राहून दररोज ठरावीक वेळी त्याचे छायाचित्र किंवा रेखाचित्र काढा. पंधरा दिवसांनी सर्व चित्रे क्रमाने लावून पाहा.