उसाचं खालचं पान का वाळतं?



शिवारात फिरताना आम्हाला हमखास विचारणा होते, "साहेब, ऊस खालून पिवळा पडायलाय, युरिया किती टाकू?" आमचं सांगणं एवढंच, की आधी कोणतं पान पिवळं पडलंय ते बघा आणि मगच पोतं फोडा.

उसाची साखर पानात तयार होते व कांडीत साठते. शेंड्याला नवी पाने येतात तशी खालची पाने सावलीत जातात. अशा पानाची कमाई घटते, खर्च मात्र चालूच राहतो. मग ऊस त्यातील हिरवा रंग मोडतो आणि नत्र, स्फुरद व पालाश यांचा बराच भाग वरच्या कोवळ्या पानांकडे वळवतो. मागे राहतं ते पाचट. हे वाळणं वयाचं आहे, रोगाचं नाही. शेंड्याकडची आठ-दहा पाने हिरवीगार असतील तर घाबरण्याचं कारण नाही.

काळजी केव्हा करावी?

१) सगळाच ऊस फिकट, वाढ खुंटलेली आणि खालची पाने लवकर पिवळी: नत्र कमी.

२) जुन्या पानांची टोके व कडा करपलेल्या: पालाश कमी.

३) खालची पाने हिरवी, पण कोवळी पाने पिवळी-पांढरी व शिरा हिरव्या: हा केवडा. लोह जुन्या पानातून नव्यात सहजी जात नाही. चुनखडीच्या रानात हे फार दिसतं. इथे युरिया नव्हे, हिराकस लागतो.

४) दुपारी पाने गुंडाळतात व खालची भराभर वाळतात: पाण्याचा ताण. आधी पाणी द्या.

मोठ्या बांधणीनंतर उगाच युरिया टाकू नये. ऊस हिरवा दिसतो, पण पक्वता लांबते आणि उतारा घसरतो. वैरणीसाठी हिरवी पानेही ओरबाडू नका. त्यातलं अन्न अजून वर गेलेलं नसतं.

राहिलं पाचट. हेक्टरी ८ ते १० टन निघतं व त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असतं. पेटवलं तर नत्र आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही धुरात जातात. त्याऐवजी खोडव्यात सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो जिवाणू संवर्धक टाकावे आणि पाणी द्यावे.

शंका असल्यास एक खालचं व एक शेंड्याचं पान घेऊन गट कार्यालयात यावे. दोन्ही पाने शेजारी ठेवून बघू, मगच खताचं ठरवू.

— ऊस विकास अधिकारी